भूल उतरताना

बेलमाँट पार्कचा रेसकोर्स रस्त्यापलीकडे राहिला. तुम्ही आता घोड्यांच्या इस्पितळात आहात, भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका खोलीच्या दाराशी. न्यूयॉर्क, ७ जुलै १९७५, मध्यरात्र उलटून गेलेली. खाली गादीवर तीन वर्षांची एक घोडी आडवी पडली आहे. रंग जवळजवळ काळा, उजव्या पुढच्या पायाला जाडजूड प्लास्टर, नाव रफियन. स्पिरिट, रक्त आणि घोड्याचा घाम यांचा एकच वास खोलीत भरून राहिलाय. शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टर दमलेत, कोणी फारसं बोलत नाही. सगळे तिची भूल उतरण्याची वाट बघताहेत.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, त्यामुळे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगता मात्र येणार नाही.

संध्याकाळी तुम्ही स्टँडमध्ये होता. पन्नास हजारांवर माणसं जमली होती, टीव्हीसमोर त्याहून कितीतरी जास्त, आणि धावायला घोडे मात्र दोनच. एक त्या वर्षीचा केंटकी डर्बीचा विजेता फूलिश प्लेझर, दुसरी रफियन. ती दहा शर्यती धावली होती आणि दहाही जिंकली होती. हासिंतो व्हास्केझ हा दोघांवरही बसणारा जॉकी; दोघांतलं एक निवडायची वेळ आली तेव्हा त्याने घोडी निवडली. शर्यत सव्वा मैलाची. पहिला पाव मैल दोघं अगदी बरोबरीने गेले. मग रफियन जराशी पुढे सरकली, आणि अर्धा मैल पुरा व्हायच्या आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो दोन्ही जॉकींना ऐकू गेला.

मोडली होती ती दोन छोटी हाडं. घोड्याच्या खुराच्या वर जो सांधा असतो, त्याच्या मागच्या बाजूला ही सेसमॉइड हाडं बसलेली असतात. पूर्ण वेगात प्रत्येक टापेला सगळा भार पेलणारा अस्थिबंध त्यांच्याच आधाराने ताणलेला राहतो. ती गेली की सांधा सरळ जमिनीला टेकतो. व्हास्केझने लगाम खेचला, सगळा जोर लावून खेचला, पण घोडी थांबेना. ती तशीच धावत राहिली, मोडक्या हाडांचा चुरा करत, कातडी फाडत, उघड्या जखमेत रेसकोर्सची माती भरत. बघणाऱ्यांनी याला तिचं शौर्य म्हटलं. मला त्यात शौर्य दिसत नाही. धोका जाणवला की पळायचं, एवढंच घोड्याला लाखो वर्षांत शिकवलं गेलंय, आणि पाय दुखतोय हाही त्याच्या लेखी धोकाच.

आता खोलीकडे बघा. तिचे कान हलले. डोळा उघडला. दुसऱ्याच क्षणी, आडवी पडलेली असतानाच, चारही पाय धावू लागले. संध्याकाळची शर्यत तिच्यापुरती संपलेली नव्हती. मानेवर आणि पाठीवर वजन टाकून धरणारी माणसं बाजूला फेकली गेली. गादीवर ती गोल गोल फिरत राहिली, जड प्लास्टर आपटत राहिलं, आपल्याच दुसऱ्या पायावर बसत राहिलं. मग ते निसटलं. आत तासन् तास खपून जे बसवलं होतं, ते काही मिनिटांत होतं त्याहून वाईट झालं. आणखी एकदा भूल देऊन तेच सारं पुन्हा करायचं, आणि पुन्हा याच जागी यायचं? मालकांना विचारलं गेलं. तिला आणखी सोसायला लावू नका, असं त्यांनी कळवलं. इंजेक्शन तयार होतं.

तुम्हाला दाराबाहेर पडायचं असेल तर पडा. पण जाण्याआधी ध्यानात घ्या, ती टेबलावर गेली नाही. ती जागी होताना गेली.

मोडलेल्या पायाच्या घोड्याला गोळी का घालतात, हा प्रश्न सगळ्यांनी कधी ना कधी विचारलेला असतो, आणि घोड्याचं हाड जुळत नाही असं त्याचं सोपं उत्तर मिळालेलं असतं. हाड जुळतं. घोड्याचंही जुळतं. अडचण आहे ती पाचशे किलोच्या त्या जनावराने मधले महिने काढायचे कसे याची. माणसाला सहा आठवडे पलंगावर झोपवता येतं. घोडा आडवा राहिला तर त्याच्याच वजनाखाली स्नायू चिरडतात, फुप्फुसं दबतात, आतडी बिघडतात. म्हणून शस्त्रक्रिया झाली की तासा-दोन तासांत त्याने उठून मोडक्या पायासकट उभं राहायचं असतं. त्यातून गुडघ्याखाली त्याला स्नायूच नाहीत. हाड, कंडरा आणि वर कातडी. रक्तपुरवठा बेताचा, जखम झाली तर हाडाला झाकायला मांस नाही. वजन कमी असेल तर सगळंच सोपं होतं. शिंगरू किंवा दोनशे किलोचं तट्टू अशा दुखण्यातून वाचण्याची शक्यता धिप्पाड रेसच्या घोड्याहून बरीच जास्त. आपल्या भीमथडी तट्टांच्या काटकपणाचं कौतुक बखरीपासून चालत आलंय. हाडवैद्याच्या नजरेने पाहिलं तर त्यांचं लहान असणं हाही मोठा गुण होता.

तीन वर्षं मागे चला.

इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात किंग्सक्लिअर नावाचं गाव आहे. ऑगस्ट १९७२ची ३० तारीख. टेकडीवरच्या गवतात सकाळचा सराव चाललाय. इयन बॉल्डिंग यांच्या तबेल्यातले घोडे धावताहेत आणि त्यांत मिल रीफ आहे. अंगाने लहानसाच, पण आदल्या वर्षी एप्सम डर्बी, एक्लिप्स, किंग जॉर्ज आणि पॅरिसची आर्क, चारही त्याने एकाच मोसमात मारलेल्या. चौदा शर्यतींत बारा विजय. पाठीवर जॉन हॅलम, त्याचा रोजचा सईस. आणि ध्यानीमनी नसताना, साध्या सरावात, डावा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडतो.

इथे जवळपास सुसज्ज इस्पितळ नाही. घोड्याला लांब न्यायचं म्हणजे हाड आणखी सरकणार. मग तबेल्याच्या आवारातलं जुनं चॅपेलच शस्त्रक्रियेसाठी तयार करतात. तुम्ही भिंतीला टेकून उभे राहा, कोणाच्या मध्ये येऊ नका. आडव्या घोड्याभोवती हिरव्या कपड्यांतली माणसं, वर तात्पुरते दिवे. तासांमागून तास जातात. धातूची प्लेट हाडावर बसते, स्क्रू फिरवले जातात, मग प्लास्टर. ही विद्या माणसांच्या दवाखान्यातून आलेली आहे. १९५८मध्ये स्वित्झर्लंडच्या काही शल्यचिकित्सकांनी हाडाचे तुकडे प्लेट-स्क्रूने घट्ट दाबून जोडण्याचं तंत्र पक्कं करण्यासाठी ‘एओ’ नावाची संघटना काढली, आणि थोड्याच वर्षांत पशुवैद्यांनीही ती हत्यारं उचलली. जाक जेनी हे मूळचे स्विस पशुवैद्य अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हेच काम करत होते. १९७१मध्ये ‘होइस्ट द फ्लॅग’ या नामांकित घोड्याचा मागचा पाय मोडला तेव्हा त्याला वाचवणाऱ्या पथकात ते होते. त्याच वर्षी ते वारले. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मिल रीफ जागा होतो. तुम्ही श्वास रोखता, कारण तुम्ही बेलमाँट पाहून आलात. पण हा घोडा वेगळ्या स्वभावाचा आहे. तो धडपडत नाही. मग पुढचे आठवडे प्लास्टर घातलेला पाय सांभाळत तो आपल्या जागेत शहाण्यासारखा उभा राहतो, हॅलम जवळ असतो, आणि लोक घोड्याला शुभेच्छांची पत्रं पाठवत राहतात. पुन्हा तो शर्यतीत धावणार नव्हता. न्यूमार्केटच्या नॅशनल स्टडमध्ये मात्र तो आणखी तेरा-चौदा वर्षं जगला. १९७८मध्ये त्याच्या एका मुलाने, शर्ली हाइट्सने, एप्सम डर्बी जिंकली आणि दुसऱ्याने, अकामासने, फ्रान्सची डर्बी. बाप गेल्यावर, १९८७मध्ये, रेफरन्स पॉइंटने पुन्हा एप्सम मारली.

दोन्हीकडे कसबी हात होते, दोन्हीकडे तेच शास्त्र. रफियनची जखम कितीतरी वाईट होती, माती भरलेली होती, हे खरं. पण मिल रीफचं नशीब बरंचसं त्याच्या थंड डोक्यावर होतं, आणि घोड्याच्या स्वभावावर विसंबून राहावं लागणारं वैद्यक हे अर्धंच वैद्यक म्हणायचं.

एक छोटा मुक्काम. ५ नोव्हेंबर १९८८, लुइव्हिल, चर्चिल डाउन्स. पाऊस, चिखल. ब्रीडर्स कप डिस्टाफच्या शेवटच्या वळणावर पर्सनल एनसाइन नावाची घोडी मागे पडली आहे आणि पुढे त्या वर्षीची डर्बी जिंकलेली विनिंग कलर्स. आजूबाजूच्यांनी आशा सोडलीय. शेवटच्या टापेला ती नाकभर पुढे जाते आणि तेरापैकी तेरा शर्यती जिंकून निवृत्त होते. या घोडीच्या डाव्या मागच्या पायात खुराच्या वरच्या हाडात पाच स्क्रू आहेत. १९८६मध्ये ते हाड मोडलं, लॅरी ब्रॅमलेज यांनी ते जोडलं. आणि तिच्या आईचा बाप तोच, होइस्ट द फ्लॅग. आजोबांचा पाय जुळला नसता तर नात जन्मली असती की नाही, हा हिशेब रेसवाल्यांनी करावा. तिचं हाड सरळ रेषेत तडकलं होतं, चुरा झाला नव्हता, हे तुम्ही-आम्ही लक्षात ठेवावं. तुकडे दोन-तीन असतील तर स्क्रू पुरतात. वीस झाले तर काय, ते बघायला तुम्हाला मेरीलँडला जावं लागेल.

२० मे २००६, बॉल्टिमोर, पिमलिको रेसकोर्स. लाखावर माणसं. दोनच आठवड्यांपूर्वी साडेसहा लांबींनी केंटकी डर्बी मारलेला बार्बारो गेटमध्ये उभा आहे. सुरुवात होण्याआधीच तो दार ढकलून बाहेर येतो, त्याला परत आणून उभं करतात. मग खरी सुरुवात. थोडंच अंतर जातं आणि उजवा मागचा पाय विचित्र वळतो. जॉकी एडगर प्राडो एका क्षणाचा विलंब न करता त्याला थांबवतो, खाली उडी मारतो, पाय धरायला धावतो. बार्बारो थांबला, हे रफियनपेक्षा वेगळं झालं. मैदानातच पायाला आधार बांधला गेला. ब्रॅमलेज त्या दिवशी मैदानावर पशुवैद्य म्हणून हजर होते. टीव्हीवर लोकांना दुखापत समजावून सांगत होते. घोड्याची गाडी पोलिसांच्या सोबतीने रात्रीच पेनसिल्व्हेनियातल्या केनेट स्क्वेअरला, विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात पोचली. तिथे त्याला रात्रभर शांत होऊ दिलं आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी केली. माझ्या मते त्या रात्रीची वाट बघणं ही बेलमाँटहून शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट होती. रक्तात पळण्याचा कैफ असलेल्या घोड्याला भूल द्यावी कशाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही शस्त्रक्रियेच्या खोलीत आहात. भूल दिलेल्या घोड्याच्या चारही पायांना पट्टे बांधून यारीने त्याला उचलतात. खाली डोकं, वर पाय, असा हजारेक पौंडांचा घोडा हवेतून टेबलावर येताना पाहिला की पोटात गोळा येतो, मग ते काम रोजचं असलं तरी. शल्यचिकित्सक डीन रिचर्डसन क्ष-किरण फिल्मकडे बघताहेत. नळीचं लांब हाड खालच्या टोकाशी मोडलं आहे. सेसमॉइड मोडलं आहे. सांधा निखळलाय. आणि त्याखालच्या हाडाचे वीसहून जास्त तुकडे. अशा घोड्याला बहुतेक वेळा मैदानातच मारतात. इथे डर्बीचा विजेता आहे, मालक जॅक्सन पतिपत्नी खर्चाचा विचार करणारे नाहीत, आणि सगळा देश बघतोय. यातलं एखादं जरी नसतं तर ही शस्त्रक्रिया झाली नसती, हे स्पष्ट म्हणायला हवं.

पाच तासांहून जास्त वेळ तुम्ही उभे राहता. ड्रिलचा आवाज, थांबणं, क्ष-किरण, पुन्हा ड्रिल. प्लेट नव्या पद्धतीची आहे. हिच्या भोकांनाच आटे असतात, त्यामुळे स्क्रू हाडातही घट्ट बसतो आणि प्लेटमध्येही. हाड तडकलेलं, ठिसूळ असलं तरी पकड सुटत नाही. एका लांब प्लेटीने आणि २७ स्क्रूंनी रिचर्डसन दोन सांधे कायमचे गोठवून टाकतात. हा पाय पुन्हा वाकणार नाही. भार पेलेल, इतकंच.

आता ती वेळ. भूल उतरणार.

तुम्ही यारीमागोमाग शेजारच्या दालनात जा. गाद्या नाहीत, इथे पोहण्याचा तलाव आहे, पाणी कोमट. पाण्यावर रबरी तराफा, त्याला पायांसाठी चार पिशव्या. झोपलेला घोडा झोळीतून खाली येतो, त्याचे पाय त्या पिशव्यांत सरकतात, अंग तराफ्यावर टेकतं, मान माणसांच्या हातात. ही कल्पना जाक जेनींची. त्यांच्या पश्चात हे दालन उभं राहिलं. बार्बारो जागा होतो आणि रफियनने केलं तेच करतो: लाथा झाडतो. पण पाय पाण्यात आहेत. आपटायला भिंत नाही, जमीन नाही, दुसरा पायही नाही. काही वेळाने तो दमतो, शुद्धीवर येतो, आणि पुरता शांत झाल्यावर यारी त्याला तसाच उचलून कोरड्या खोलीत पायांवर ठेवते. मग तो आपल्या ठाणावर चालत जातो आणि खायला लागतो. रिचर्डसन बाहेर पत्रकारांना सांगताहेत की जगण्या-न जगण्याची शक्यता अजून सारखीच आहे. बऱ्याच जणांना ते अति सावध वाटतं.

जुलैमध्ये परत या. मोडलेला पाय बरा चाललाय. बिघडलाय तो दुसरा, धड असलेला डावा मागचा. इतके आठवडे त्याने एकट्याने भार वाहिला. खुराचं कवच आणि आतलं हाड यांच्यामध्ये पातळ पापुद्र्यांचा थर असतो, आपल्या नखाला नखाखालचं मांस चिकटलेलं असतं तसा. पाय सतत दाबून ठेवला की त्या थराला रक्त मिळत नाही आणि तो सुटू लागतो. याला लॅमिनायटिस म्हणतात, आणि तो पाहिलेल्या कुठल्याही घोडेवाल्याचा चेहरा हे नाव निघालं की उतरतो. रिचर्डसनना डाव्या खुराचा सुमारे ८० टक्के भाग कापून काढावा लागला. खूर नव्याने वाढायला महिने लागतात. फाटकावर लोकांनी फुलं आणि फलक लावलेत, गाजरं-सफरचंदांच्या पेट्या येताहेत. नोव्हेंबरमध्ये मोडलेल्या पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा तो हिरवळीवर चरताना दिसला. जानेवारीत डावा खूर पुन्हा बिघडला, मग उजव्यात गळू, आणि शेवटी दोन्ही पुढच्या पायांतही लॅमिनायटिस शिरला. उभं राहायला एकही धड पाय उरला नाही. २९ जानेवारी २००७च्या सकाळी त्याला झोपवण्यात आलं.

इतकं ओढायला हवं होतं का? तेव्हाही वाद झाला. नोव्हेंबरपर्यंत रिचर्डसनांच्या जागी कोणीही तेच केलं असतं असं मला वाटतं. जानेवारीतल्या शेवटच्या दिवसांबद्दल मी तितका ठाम नाही. पण मे महिन्यातलं काम फसलं असं कोणी म्हणू नये. २७ स्क्रूंनी धरलेला तो पाय शेवटपर्यंत जुळलेला होता.

शेवटचा मुक्काम न्यूमार्केट, आपल्याच दशकातला. तुम्ही एका साध्या खोलीत आलात. मधोमध दोन वर्षांचा घोडा उभा आहे. होय, उभा. गुंगीचं औषध दिलंय, मान इतकी खाली लोंबतेय की नाक गुडघ्याशी आलंय. एका पायाच्या नसा इंजेक्शनने बधिर केल्यात. सकाळच्या सरावात लंगडला, क्ष-किरणात नळीच्या खालच्या टोकाला केसासारखी तड दिसली. रेसच्या घोड्यांत हे फार होतं. शल्यचिकित्सक गुडघे टेकून बसलाय, इवल्याशा छेदातून ड्रिल करतो, स्क्रू पिळतो, फिल्म बघतो, दुसरा पिळतो. आडवं पाडणं नाही, यारी नाही, तलाव नाही. भूल देऊन शस्त्रक्रिया केलेल्या घोड्यांपैकी शंभरात साधारण एक आजही दगावतो, आणि हाडांच्या कामात धोका याहून जास्त. झोपवलंच नाही तर उठताना मोडायचा प्रश्नच येत नाही. डोक्याशी उभी असलेली सईस मुलगी त्याच्या कानाशी काहीबाही बोलते आहे. जरा वेळ घोडा एक मागचा पाय बदलून उभा राहतो, शल्यचिकित्सक हात वर धरून थांबतो, मग पुन्हा काम सुरू.

हे फक्त जागेवरून न हललेल्या तडांना चालतं. रफियनसारखी जखम आजही इंजेक्शनवरच संपते. म्हणून आता ती होण्याआधीच पकडायची धडपड चालू आहे: कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर २०१९च्या अखेरीस उभ्या घोड्याच्या पायाचा पेट स्कॅन काढणारं यंत्र बसवलं, आणि ते पहिल्यांदा शोधतं ते खुराच्या वरच्या त्याच दोन छोट्या हाडांतले बदल.

इकडे टाके घालून झाले. पट्टी गुंडाळली जातेय.

“डॉक्टर, खायला कधी घालू?” मुलगी विचारते.

“अजून गुंगीत आहे, घशात अडकेल. तासाभराने मूठभर गवत दे. आणि त्याला बॉक्समध्ये हळू ने, कोपऱ्यावर घसरतं तिथे.”

ती दोरी हातात घेते. घोडा नाखुशीने मान वर करतो आणि आपल्या चार पायांवर तिच्यामागून चालू लागतो.